प्लॅस्टिकमधली चिठ्ठी

औषधाच्या दुकानात येणाऱ्या माणसांचा मला तिरस्कार वाटायचा. असं म्हटलं की लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात सहा वर्षं मी काउंटरमागे उभी होते आणि त्या सहा वर्षांत माणूस नावाच्या प्राण्याबद्दलचं माझं मत काही सुधारलं नाही. "दोन लाल-काळ्या कॅप्सुला द्या," असं म्हणत चांगले शिकले-सवरलेले लोक यायचे. पाच दिवसांच्या औषधातल्या दोन कॅप्सुला घ्यायच्या, ताप उतरला की एक खायची आणि दुसरी घरात कुणाला तरी लागेल म्हणून कपाटात जपून ठेवायची. एक हेडमास्तर दर पावसाळ्यात यायचे. त्यांच्या मेव्हण्याला कधीकाळी लागू पडलेल्या औषधाची रिकामी बाटली पिशवीत असायची. "हेच द्या," म्हणायचे. कशासाठी विचारलं तर त्यांना अपमान वाटायचा. डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं तर अख्खं दुकान माझ्याकडे असं बघायचं की जणू मी त्यांना जातीचा दाखला मागितला.

औषध देण्याचे कायदे असतात हे नाशकात त्या काळी दोघांनाच ठाऊक होतं, असं मला वाटायचं. एक मला आणि दुसरं ते कायद्याचं पुस्तक छापणाऱ्याला.

मी औषधशास्त्राचा डिप्लोमा केला तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर होती. पण बाबा सगळ्यात सांभाळून उच्चारत तो शब्द म्हणजे कायदा. आपल्यासारख्यांना माणसात आणलं ते कुणाच्या दयेनं नाही, कायद्यानं, असं ते सांगत. माझं नोंदणीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन त्याला फ्रेम करून आणली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. मी ती घेऊन कामावर गेले.

दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. मीही म्हणायचे. त्याला फार्मासिस्ट नको होता, भिंतीवर लावायला कागद हवा होता. आधीच्या गृहस्थाचा कागद त्यानं तसाच लावलेला होता. ते गृहस्थ दुसऱ्या गावी शाळेत शिकवायचे आणि महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जायचे. पुढे त्यांची बदली लांब झाली आणि कागद भिंतीवरून उतरला. माझ्या कागदाबरोबर मीपण आले, रोज सकाळी साडेनऊला. हा शेठला तोटाच वाटला असणार. "बाई, तुम्ही आपलं वाचत बसा हवं तर," असं त्यानं पहिल्याच दिवशी मला मोठ्या मनानं सांगितलं.

नियम अवघड नव्हते. काही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरची सही हवी, तारीख हवी, रोग्याचं नाव आणि पत्ता हवा, औषध किती दिवस ते हवं. एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. डॉक्टरनं पुन्हा द्या असं लिहिलं असेल तरच पुन्हा. दिलं की डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालायची, म्हणजे ती चिठ्ठी संपली. मग रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि फार्मासिस्टनं सही करायची. दुसरीतल्या मुलाला समजेल इतकं सोपं. शेठ चौथी पास होता.

त्याचं रजिस्टर भरायचं एक शास्त्र होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना, तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढायचा. त्यात लग्नपत्रिका असत. शेठला गावभरची आमंत्रणं यायची आणि तो एकही पत्रिका टाकून देत नसे. पत्रिका समोर धरायची आणि त्यातली नावं रोगी म्हणून रजिस्टरमध्ये उतरवायची. खाली निमंत्रकांची लांबलचक यादी असते, मामा, काका, आत्येभाऊ, समस्त परिवार. त्या सगळ्यांना शेठनं जुलाब लावले, टायफॉइड दिला, खोकल्यानं हैराण केलं. डॉक्टर म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांचं नाव. ते त्याचे पत्त्यांतले भिडू. खरे रोगी काउंटरवरून नुसत्या तोंडी मागणीवर औषधं नेत होते आणि रजिस्टरमध्ये वऱ्हाडी मंडळी आजारी पडत होती.

आणि खाली सही माझी. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीच तेवढी धुतल्या तांदळासारखी दिसेन. पहिले सात-आठ महिने मी त्या पानांवर न वाचता सह्या केल्या. नोकरी हवी होती. बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेठला मी मनातून तुच्छ लेखत होते आणि तो सरकवील त्या पानावर सही करत होते. दोन्ही कामं एकाच वेळी जमतात.

त्याच सुमारास तो येवल्याचा विणकर यायचा. दर महिन्याला एकदा, पैठणीसाठी जर आणि रेशीम न्यायला तो नाशकातल्या व्यापाऱ्याकडे येई आणि परतीची एसटी धरायच्या आधी आमच्याकडे येई. चाळिशीचा असेल. बोटांची पेरं सुजलेली, सांधे वाकायला लागलेले. चार वर्षांपूर्वी नाशकातल्या एका डॉक्टरांनी त्याला प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, बारक्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांत त्याची बोटं मोकळी झाली, तो पुन्हा मागावर बसला आणि तेव्हापासून तो तीच चिठ्ठी घेऊन येत होता. फाटू नये म्हणून त्यानं तिला प्लॅस्टिक लावलं होतं. पिशवी कापून, मध्ये कागद घालून, कडा चिमणीच्या ज्योतीवर चिकटवलेल्या. रेशनकार्ड जपावं तशी तो ती जपायचा. खिशातून काढताना आधी हात पुसायचा.

"ताई, मागल्या खेपंवानी द्या," एवढंच म्हणायचा.

त्याचं तोंड गोल, तुळतुळीत झालं होतं. ते त्या गोळीचंच काम. चेहरा असा फुगतो, आतून हाडं मात्र पोकळ होत जातात. "गोळी लय मानवली ताई, अंगावर मांस चढलं," असं तो कौतुकानं सांगायचा. शेठनं त्याचं पाकीट खणात आधीच काढून ठेवलेलं असायचं. मी शेठला एकदा म्हटलं, "हे बरोबर नाही. हा माणूस पोखरला जातोय."

"त्याची बोटं चालतायत ना?" शेठ म्हणाला. "बोटं थांबली की माग थांबला. मग तुमचं पुस्तक त्याला खायला घालणार का?"

मला दोघांची कीव आली, म्हणजे मी तिला कीव म्हणत होते. एक अडाणी आणि दुसरा लबाड. चिठ्ठीला प्लॅस्टिक लावून ती जन्मभर चालते असं समजणारा माणूस विणकामात कितीही हुशार असेना का, मला तो मूर्खच वाटायचा.

मग तपासणीला नवे इन्स्पेक्टर आले. शांत गृहस्थ. चहा नको म्हणाले तेव्हाच शेठचा चेहरा उतरला. त्यांनी रजिस्टर मागितलं आणि एकेक पान सावकाश वाचायला सुरुवात केली. आजवर ते कुणी वाचलंच नव्हतं, लिहिणाऱ्यानंही नाही. थोड्या वेळानं त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. शेठनं पत्रिकेवरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. एका रोग्याच्या नावामागे 'चि.', त्याच दिवशी दुसरीच्या नावामागे 'चि. सौ. कां.'. दोघांना एकच औषध. त्याखाली नवऱ्या मुलाचे आजोबा, नावामागे 'कै.'.

"हे गृहस्थ कैलासवासी झाल्यावर त्यांना जुलाब कशानं झाले?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मग ते माझ्याकडे वळले. "ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही हे वाचलं होतं?"

मी नाही म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. म्हणाले, "दुकानाला नोटीस मिळेल. तुम्हाला एवढंच सांगतो, पुढच्या वेळी असं आढळलं तर हा कागद भिंतीवर राहणार नाही." आवाज अजिबात न चढवता बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून शेठची घमेंड उतरली. "बाई, आता काउंटर तुम्ही बघा. तुमचा तो कायदा काय असेल तो चालवा," असं म्हणून तो मागच्या खोलीत माल मांडत बसू लागला. मी काउंटर चालवला. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लिहून लावली. शिक्क्याला नवी शाई आणली. हेडमास्तरांना रिकाम्या बाटलीसकट परत पाठवलं. लोक शिव्या देत होते आणि मला त्या आवडत होत्या. रोज दहा-बारा जणांना नाही म्हणायला मिळायचं. भीती आणि ताठा यांचं मिश्रण फार गुणकारी असतं, ते कुठल्याही चिठ्ठीशिवाय मिळतं.

महिना संपताना येवल्याचा विणकर आला. नेहमीसारखा हात पुसून त्यानं चिठ्ठी काढली.

मी ती वाचली. म्हणजे त्याला दाखवत, मोठ्यानं वाचली. "तारीख चार वर्षांपूर्वीची. औषध पंधरा दिवसांचं. पुन्हा द्या असं लिहिलेलं नाही. रोग्याचं नाव नाही. पत्ता नाही. यावर औषध मिळणार नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "ताई, तुम्हीच तं देत व्हत्या."

"चुकत होतो. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणा."

"ते डाक्टर गेले पुन्याला, पोराकडं. दवाखाना बंद हाय."

"मग सरकारी दवाखान्यात जा. केसपेपर काढा, ते तपासतील."

"आता दुपार झाली. आज कोन तपासतंय. माझी गाडी हाय." मग जरा थांबून म्हणाला, "मागावर लुगडं हाय, ताई. लग्नाचं हाय. अंग झालंय, पदर ऱ्हायलाय. पदरावर मोर हायेत. आठ-पंधरा दिसाच्याच गोळ्या द्या, तेवढा पदर उतरू द्या. मग तुम्ही म्हनाल त्या डाक्टरला दाखवतो."

काउंटरवर शेठ असता तर दिल्या असत्या, असं मला वाटलं, आणि त्यानंच माझा निश्चय पक्का झाला. शिवाय आणखी एक विचार आला. हा इथून निघून दुसऱ्या दुकानात जाईल आणि तिथला एखादा शेठ त्याला देईल. म्हणून मी कात्री घेतली, चिठ्ठीच्या प्लॅस्टिकची कड कापली, कागद बाहेर काढला आणि डॉक्टरांच्या सहीच्या वर शिक्का मारून लाल शाईनं लिहिलं, 'या चिठ्ठीवर यापूर्वी औषध दिले आहे. पुन्हा देऊ नये.' खाली सही केली. तारीख घातली.

तो कात्रीकडे बघत राहिला होता. ओरडला नाही. मी कागद परत दिला तेव्हा त्यानं शाई वाळेपर्यंत तो हवेत धरला, मग उघड्या प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवला. "बरं," म्हणाला आणि गेला. संध्याकाळी मी ही हकीकत बाबांना सांगितली. ते म्हणाले, शाबास.

पाचव्या दिवशी शेठ काहीतरी शोधत काउंटरवर आला. खण उघडून म्हणाला, "हे पाकीट अजून इथंच? येवल्याचा आला नाही का?"

"आला होता. परत पाठवला," मी म्हणाले. कसं, ते मोठ्या अभिमानानं सांगितलं. कात्रीसकट.

शेठचं तोंड बघण्यासारखं झालं. "एकदम तोडली? चार वर्षांची गोळी एकदम? बाई, ती गोळी उतरवत आणतात. आधी अर्धी, मग पाव. एकदम बंद केली तर माणूस बसतो."

हे मला ठाऊक होतं. लांबचं, ऐकीव नव्हे. शरीर स्वतःचं औषध बनवायचं विसरतं, म्हणून ही गोळी अचानक थांबवायची नाही, असं मी परीक्षेत पान भरून लिहिलं होतं आणि त्या प्रश्नाला मला जवळजवळ पूर्ण गुण होते. चौथी पास माणसाला ते कुठल्यातरी डॉक्टरनं एकदा झापताना सांगितलेलं, ते त्याच्या ध्यानात राहिलं. माझ्या ध्यानात त्या दिवशी फक्त कागद होता. तरी मी तोंडानं म्हणाले, "नियमाप्रमाणे मला देताच येत नव्हतं."

"तुम्हाला कुठं कोण काय म्हणतंय," शेठ म्हणाला. त्यानं पाकीट खिशात टाकलं, व्यापाऱ्याकडून विणकराचा पत्ता घेतला आणि मिळेल त्या एसटीनं येवल्याला गेला. बिल नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. चार वर्षं ज्यानं त्या माणसाला पोखरलं तोच आता त्याच्यासाठी धावत होता. याचं मला कौतुक वाटावं असं काही नव्हतं, आणि मी मात्र दुकानात शिक्का हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पाकीट त्याच्या खिशातच होतं. त्यानं ते फळीवर ठेवलं आणि तुटक तुटक सांगितलं. तिसऱ्या दिवशी विणकराला उलट्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी तो मागावरून उठताना कोसळला. बायकोनं त्याला दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण पण हुशार निघाला. कपडे बदलताना खिशातली चिठ्ठी निघाली, त्यावरची लाल ओळ वाचून त्याला कळलं की काय थांबलंय. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. माणूस वाचला.

त्या लाल ओळीचं मी पुढे बरीच वर्षं भांडवल केलं. माझ्या शेऱ्यामुळेच तो वाचला असं स्वतःला सांगायचे. घरात आग लावून पाणी मीच आणलं म्हणण्यातला हा प्रकार. शेठ मला एका शब्दानंही बोलला नाही. तो बोलला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, म्हणून मला त्याचा आणखी राग आला. इन्स्पेक्टर पुन्हा आले, रजिस्टर तपासलं, नोंदी व्यवस्थित आहेत असं लिहून गेले. कायद्याच्या बाजूनं माझ्याकडे बोट दाखवायला कुठेही जागा नव्हती.

तीन महिन्यांनी विणकर आला. चेहऱ्याची सूज उतरून गालफडं बसली होती. तो पूर्वी काउंटरला टेकून उभा राहायचा. आता पायरीखालीच थांबला आणि तिथून दोन्ही हातांनी चिठ्ठी पुढे केली. येवल्याच्या डॉक्टरची. तारीख, सही, गोळी किती, ती दर आठवड्याला किती कमी करायची, सगळं लिहिलेलं. त्यावर नाव होतं, गल्लीसकट पत्ता होता. इतक्या दिवसांत त्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा वाचत होते. नाव नाही म्हणून मी त्याची चिठ्ठी नाकारली होती आणि तो समोर उभा असून त्याला ते विचारलं नव्हतं.

"हात कसे आहेत?" मी विचारलं.

त्यानं हात उलटे करून दाखवले. बोटं आता मुठीत पूर्ण मिटत नव्हती. "डाक्टर म्हनतो गोळी अशीच कमी करायची. कमी केली की दुखतंय."

"आणि ते लुगडं?"

"पदर दुसऱ्यानं उतरवला. माग बी त्यालाच दिला." मग माझ्या तोंडाकडे बघून, माझीच समजूत घालत असल्यासारखा म्हणाला, "तुमची चूक नाय म्हनत मी. कायद्यानं वागल्या तुम्ही. पन त्या दिशी तुम्ही कागदाला समदं इचारलं, ताई. मला काय बी इचारलं नाय."

मी गोळ्या मोजल्या, पाकिटावर कधी किती घ्यायची ते लिहिलं आणि त्याला समजावून सांगितलं. सहीच्या वर शिक्का मारला, तारीख घातली, रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं. पाकीट आणि चिठ्ठी काउंटरवर त्याच्याकडे सरकवली.

तो पायरी चढून वर आला, पण हात मागेच ठेवले. "आता बरोबर हाय ना कागद?" त्यानं विचारलं. "घेऊ का?"

मी हो म्हणेपर्यंत त्यानं पाकिटाला हात लावला नाही.